विम्याच्या जुन्या फरकाची नोटीस : तीन वर्षं मोजायची कुठून?

प्रश्न : सेलूजवळ आम्हा तिघा भावांची भागीदारीत जिनिंग-प्रेसिंग आहे. कामगारांच्या अपघात भरपाईची पॉलिसी एका सरकारी विमा कंपनीकडून दर वर्षी १ ऑक्टोबरला घेतो. २०१८ साली दुष्काळ होता, म्हणून पगाराचा अंदाज कमी दिला. पण पुढे आदिलाबादकडून कापूस आणून दोन पाळ्या चालवल्या आणि मजुरी अंदाजाच्या बरीच वर गेली. वर्ष संपल्यावर २८ ऑक्टोबर २०१९ ला पगारपत्रक दिलं, त्याची पोच आहे. जुलै २०२१ मध्ये कंपनीनं फरकाचं २,७४,३०० रुपयांचं बिल पाठवलं. आम्ही भरलं नाही. २०२३ मध्ये स्मरणपत्र आलं, धाकट्या भावानं लेटरहेडवर उत्तर दिलं (प्रत सोबत आहे). आता वकिलाची नोटीस आली आहे : व्याजासह ३,८९,५०० रुपये पंधरा दिवसांत भरा, नाहीतर दावा लावू आणि एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात) जाऊ. आमचे हिशेबनीस म्हणतात, तीन वर्षं कधीच होऊन गेली, नोटीस फेकून द्या. एजंट म्हणतो, सरकारी कंपनीला तीस वर्षं असतात, निम्मे भरून मोकळे व्हा. खरं काय? या दसऱ्याच्या नूतनीकरणावर आणि फॅक्टरीच्या आगीच्या पॉलिसीवर याचा परिणाम होईल का? कोरोनाच्या साली, म्हणजे २०२०-२१ ला, उलट पगार अंदाजापेक्षा कमी झाला होता. तो परतावा आता मागता येईल का?

— एक जिनिंगवाले, जि. परभणी

उत्तर :

नमस्कार. तुमचे हिशेबनीस निम्मे बरोबर आहेत आणि एजंट पूर्ण चूक. तरीही नोटीस फेकू नका. दावा लावायची मुदत संपत आली होती, पण तुमच्या धाकट्या भावाच्या पत्रानं ती पुन्हा सुरू करून दिली. त्या पत्राकडे येतोच. तोवर कंपनीला, तिच्या वकिलाला किंवा एजंटला कुणीही काही लिहू नका. व्हॉट्सॲपवर ‘बघू, करू’सुद्धा नको.

पुष्कळ व्यापाऱ्यांना मुळात हेच कळत नाही की विम्याची थकबाकी होते तरी कशी. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४-व्हीबीप्रमाणे हप्ता आधी हातात आल्याशिवाय कंपनीला जोखीम घेताच येत नाही. गाडीचा किंवा दुकानाचा विमा घेतला की विषय तिथंच संपतो. ज्या पॉलिसीचा खरा हप्ता वर्ष संपल्यावरच ठरतो, तिथं मात्र नियमांनी सवलत दिली आहे : अंदाजावर तात्पुरता हप्ता घ्यायचा आणि शेवटी हिशेब करायचा. तुमची पॉलिसी याच जातीची. त्या वर्षांत लागू असलेल्या ई.एस.आय. (कर्मचारी राज्य विमा) कायद्यातून हंगामी कारखाने वगळलेले होते आणि कापसाची जिनिंग, प्रेसिंग त्या व्याख्येत नावानिशी होती. त्यामुळे जिनिंगवाल्याला कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ खालची जबाबदारी स्वतःच उचलावी लागायची आणि ती सावरायला तो ही पॉलिसी घ्यायचा. पॉलिसीच्या अटींचं पान काढा. त्यात असं असेल की मुदत संपल्यापासून एक महिन्याच्या आत प्रत्यक्ष दिलेल्या पगाराचा हिशेब द्यायचा. पगार जास्त निघाला तर फरक तुम्ही भरायचा, कमी निघाला तर कंपनीनं परत करायचा. कंपनीची मागणी या अटीवर उभी आहे. मागणीच बोगस आहे असं म्हणून भागणार नाही.

आता मुदत. १९६३ च्या मुदत कायद्याच्या तक्त्यात विम्याच्या भरपाईच्या दाव्यासाठी स्वतंत्र नोंद आहे. कंपनीनं पॉलिसी रद्दबातल ठरवली तर विमेदारानं भरलेला हप्ता परत मागण्यासाठीही आहे. कंपनीनं विमेदाराकडून हप्ता वसूल करण्यासाठी मात्र वेगळी नोंद नाही. म्हणून असा दावा एक तर कराराच्या भंगाच्या नोंदीत (अनुच्छेद ५५) बसतो, नाहीतर ‘इतर सर्व’ या नोंदीत (अनुच्छेद ११३). दोन्हीकडे मुदत तीनच वर्षं. तीस वर्षांची मुदत (अनुच्छेद ११२) केंद्र आणि राज्य सरकारच्या दाव्यांना आहे. विमा कंपनीचे सगळे शेअर सरकारच्या हातात असले, तरी ती कंपनी कायद्याखालची कंपनी आहे. ती म्हणजे सरकार नव्हे. एजंटला हे सांगून पाहा, पण तो ऐकेल असं वाटत नाही. त्याला कंपनीकडे वसुलीचं काम दाखवायचं आहे.

तीन वर्षं मोजायची कुठून? तुमच्या बाजूनं म्हणता येईल की २८ ऑक्टोबर २०१९ ला पगारपत्रक कंपनीच्या हातात पडलं, त्या दिवशी फरक काढणं शक्य झालं आणि दावा लावायचा हक्क तिथंच जन्मला. बिल काढायला कंपनीनं पावणेदोन वर्षं लावली, तो तिचा आळस. धनको मागणी लांबवून मुदत लांबवू शकत नाही. कंपनी म्हणेल, जुलै २०२१ ला बिल दिलं, तिथून मोजा. तुमची बाजू मला जास्त पक्की वाटते.

साधा हिशेब केला तर तीन वर्षं ऑक्टोबर २०२२ मध्ये संपतात. हिशेबनिसांनी हाच हिशेब केला असावा. पण मध्ये कोरोना आहे. सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२२ च्या आदेशानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला. लॉकडाऊन जेवढा होता तेवढाच काळ वगळला, असा समज मोंढ्यात सर्रास आहे; प्रत्यक्षात जवळजवळ दोन वर्षं वगळली. तुमच्या बाबतीत पगारपत्रकापासून १४ मार्च २०२० पर्यंतचे साडेचार महिने गेले, मग घड्याळ थांबलं आणि १ मार्च २०२२ ला पुन्हा चालू झालं. उरलेला काळ धरला की शेवट येतो ऑक्टोबर २०२४ च्या मध्याला. कंपनीच्या मोजणीनं, म्हणजे जुलै २०२१ पासून, तो येतो फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस. दोन्ही तारखा उलटल्या आहेत. तेवढ्यापुरतं हिशेबनिसांचं उत्तर बरोबर.

इथं एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. हजेरीपट एकच होता ना? कच्चा वेगळा आणि पक्का वेगळा असा प्रकार असेल आणि कंपनीला पक्काच दाखवला असेल, तर मुदत कायद्याचं कलम १७ आडवं येतं. त्या कलमानं, प्रतिवादीनं लबाडीनं गोष्ट लपवली असेल तर ती उघड होईल तेव्हापासून, किंवा नीट चौकशी केल्यावर उघड होऊ शकली असती तेव्हापासून, मुदत सुरू होते. मग वरचं सगळं गणित बदलतं. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही. तुम्हीच दिलेल्या पगारपत्रकावर फरक निघाला आहे.

आता ते पत्र. ११ सप्टेंबर २०२३, फर्मचं लेटरहेड, खाली भावाची सही आणि ‘भागीदार’ असा शिक्का. मजकूर चारच वाक्यांचा : “आपले पत्र मिळाले. फरकाची रक्कम जास्त लावली आहे. ठेकेदाराच्या हमालांचा पगार वजा करून फेरहिशेब पाठवावा. सीझन सुरू झाल्यावर रक्कम भरू.”

पहिलं वाक्य निरुपद्रवी. तिसऱ्यात तुमचा खरा आक्षेप आहे आणि तो मोलाचा आहे. दुसऱ्यापासून घसरण सुरू होते, कारण ‘जास्त लावली’ म्हणताना काहीतरी देणं आहेच असा अर्थ निघतो. चौथ्या वाक्यानं ते पक्कं केलं. मुदत कायद्याचं कलम १८ सांगतं की मुदत संपण्याआधी देणेकऱ्यानं लेखी, सही करून देणं कबूल केलं तर त्या सहीच्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. आकडा नेमका लिहिलेला नसला तरी चालतं. भरायची वेळ अजून आली नाही असं म्हटलं असलं, भरायला नकार दिला असला किंवा वजावट मागितली असली, तरीही ती कबुलीच ठरते. कंपनीची मुदत, आपल्या मोजणीनंसुद्धा, ऑक्टोबर २०२४ पर्यंत जिवंत होती. पत्र त्याच्या वर्षभर आधीचं. म्हणून नवी तीन वर्षं ११ सप्टेंबर २०२३ पासून, अर्थात सप्टेंबर २०२६ पर्यंत.

सही एकाच भावाची आहे, यातून सुटता येईल का? कलम २० मध्ये असं आहे की एका भागीदाराच्या कबुलीनं, केवळ तेवढ्यावरून, दुसरा भागीदार बांधला जात नाही. वाचायला हे छान वाटतं. पण चालू धंद्यात, लेटरहेडवर, फर्मच्या रोजच्या कामाबद्दल एका भागीदारानं केलेला पत्रव्यवहार फर्मच्या वतीनंच केला असं न्यायालयं सहसा धरतात. वकील हा मुद्दा कैफियतीत (दाव्याच्या लेखी उत्तरात) घालतील आणि घालावाही. त्यावर घर बांधू नका.

त्या दिवशी भावानं एवढंच लिहिलं असतं की ‘आपला हिशेब मान्य नाही, कोणतीही रक्कम देणे लागत नाही’, तर कबुली झाली नसती. पण भावाला बोल लावण्यात अर्थ नाही. आपल्याकडे समोरच्याला तोडून बोलायचं नाही म्हणून ‘भरू हो’ लिहायची सवय सगळ्यांनाच आहे.

आणखी एक कागद आजच पाहा : फर्मचे ताळेबंद. २०२१ नंतरच्या कुठल्या वर्षी ‘विमा हप्ता देणे’ म्हणून हीच रक्कम देणं बाजूला दाखवली आहे का? ताळेबंदातली नोंद कलम १८ ची कबुली ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये बिशल जयस्वाल प्रकरणात म्हटलं आहे. ते प्रकरण कंपनीच्या ताळेबंदाचं होतं, पण भागीदारांनी सही केलेल्या ताळेबंदालाही वकील तेच तत्त्व लावू पाहतील. जे हिशेबनीस तीन वर्षं झाली म्हणतात, त्यांनीच दर मार्चअखेर ती रक्कम देण्यात दाखवली असेल तर नवल वाटायला नको. मुदत त्या सहीपासून आणखी पुढे सरकते. ई-मेल आणि व्हॉट्सॲपही तपासा. इलेक्ट्रॉनिक कबुलीही न्यायालयात पुढे येते.

म्हणजे ‘मुदत गेली’ या एकाच काठीवर भार टाकता येत नाही. पण तुमच्याकडे दुसरा मुद्दा आहे आणि मला तोच जास्त दमदार वाटतो : आकडा.

भावाच्या तिसऱ्या वाक्याकडे परत जाऊ. ठेकेदाराच्या हमालांची मजुरी पगारात धरायची की नाही, हे पॉलिसीच्या शेड्यूलवर ठरतं. ठेकेदाराचा मजूर गाठींच्या थप्पीखाली सापडला तर त्या वर्षी लागू असलेल्या १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ नं मूळ मालकालाही भरपाई द्यावी लागायची. म्हणून बरेच जिनिंगवाले ठेकेदाराचे मजूरही पॉलिसीत घालायचे आणि त्यासाठी तसं मागून घ्यावं लागायचं. तुमच्या शेड्यूलमध्ये ते मजूर घातले असतील तर त्यांच्या मजुरीवरचा हप्ता देणं लागतो. वर्षभर कंपनीनं ती जोखीम वाहिली आहे. घातले नसतील तर जी जोखीम घेतलीच नाही तिचा हप्ता कंपनी कसा मागेल? शेड्यूल, पगारपत्रक आणि ठेकेदाराची बिलं शेजारी ठेवून मुकादमाला बोलवा आणि त्याच्याकडून टोळीनिहाय आकडे वेगळे करून घ्या.

मग व्याज. नोटिशीत १,१५,२०० रुपये व्याज आहे. पॉलिसीत व्याजाची अट आहे का पाहा. अशा पॉलिसीत ती सहसा नसते. अट नसेल, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम द्यायची असंही लिहिलेलं नसेल, तर व्याज कायदा, १९७८ प्रमाणे व्याज मागायचं ते व्याजाची लेखी मागणी करणारी नोटीस दिल्यापासून. कंपनीनं मागच्या तारखेपासून लावलेलं व्याज इथं बरंच खाली येऊ शकतं.

या व्याजाचा आणखी एक परिणाम आहे. विम्याच्या करारातला वाद व्यावसायिक वादात मोडतो आणि रक्कम तीन लाखांच्या वर गेली की तो व्यावसायिक न्यायालयात जातो. ही मर्यादा आधी एक कोटी होती, २०१८ मध्ये तीन लाखांवर आणली. दाव्याच्या दिवसापर्यंतचं व्याज धरून रक्कम मोजतात, म्हणून २,७४,३०० ची बाब तिथं पोचते. तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात तसं स्पष्ट सांगितलं. त्यामुळे पहिलं बोलावणं बहुधा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून येईल. जा. तिथं बोलणं होतं, निकाल लादला जात नाही. मध्यस्थीत गेलेला काळ कंपनीच्या मुदतीत धरत नाहीत, म्हणून तारखा लांबवून सप्टेंबर २०२६ गाठायचा बेत मनात असेल तर सोडा. राष्ट्रीय लोकअदालतीचीही नोटीस येऊ शकते. तिथं न पटल्यास सही न करता परत यायची मोकळीक असते; सही केली की मात्र तो हुकूमनामा आणि त्यावर अपील नाही.

दावा लागलाच तर समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्या. व्यावसायिक न्यायालयात ही मुदत फार तर १२० दिवसांपर्यंत वाढते. त्यानंतर न्यायाधीशांच्या हातातही काही उरत नाही. साध्या दिवाणी दाव्यात वर्ष-वर्ष कैफियत न देणारे पक्षकार आपण पाहतो. ती सवय इथं महागात पडेल.

एनसीएलटीची धमकी सोडून द्या. तो मार्ग कंपन्या आणि एलएलपींसाठी (मर्यादित जबाबदारीच्या भागीदाऱ्यांसाठी) आहे, तुमची साधी भागीदारी आहे. शिवाय तिथं थकबाकी किमान एक कोटीची लागते. वकिलाच्या नोटिशीचा तो छापील परिच्छेद दिसतो.

एजंटच्या ‘निम्मे भरा’चं काय? तडजोडीला माझा विरोध नाही. हमालांची मजुरी वजा केल्यावर जो फरक खरोखर निघतो तो भरावा, व्याज सोडवून घ्यावं, हे मी सुचवीनच. पण क्रम असा : आधी कंपनीच्या अधिकृत अधिकाऱ्याच्या सहीचं ‘अमुक रकमेत पूर्ण व अंतिम’ असं पत्र, नंतर पैसे. पत्राशिवाय निम्मे भरले तर मुदत कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अंशतः भरणाही मुदत नव्यानं सुरू करतो, फक्त त्याची लेखी किंवा सहीची नोंद लागते. तुमच्या चेकवर सही असतेच. मग उरलेल्या निम्म्यासाठी कंपनीला आणखी तीन वर्षं. आणि समजा, सप्टेंबर २०२६ उलटला, दावा लागला नाही, तरी त्यानंतर ‘भरतो’ असं सही करून लिहून देऊ नका. करार कायद्याच्या कलम २५(३) नं मुदत गेलेल्या देण्याचं लेखी वचनसुद्धा नवा करार ठरतं. तारण म्हणून चेक तर नकोच. तो वटला नाही आणि १३८ चा खटला झाला, तर ‘देणंच मुदतबाह्य होतं’ एवढ्यावर सुटका होईल असं धरून चालू नका.

नूतनीकरण वेगळा करार आहे. नवा हप्ता भरताना एनईएफटीच्या शेऱ्यात आणि सोबतच्या पत्रात कोणत्या पॉलिसीचा, कोणत्या वर्षाचा हे स्पष्ट लिहा. करार कायद्यानं पैसे कशात जमा करायचे हे देणारा सांगू शकतो. त्यानं सांगितलं नाही आणि परिस्थितीवरूनही ते दिसत नसेल, तर घेणारा ते जुन्या, अगदी मुदत गेलेल्या देण्यातही वळवू शकतो. कंपनीनं जुना फरक भरल्याशिवाय नवी पॉलिसी नाही असा हट्ट धरला तर दुसऱ्या कंपनीकडे जा, पण १ ऑक्टोबरला एक दिवसही पॉलिसीविना ठेवू नका.

आगीची पॉलिसीही निराळी आहे. उद्या सरकीच्या गंजीला आग लागली आणि त्या दाव्यातून कंपनीनं हा वादातला फरक परस्पर कापला, तर आगीच्या पॉलिसीत तसा अधिकार दिलेला आहे का ते पाहा. नसेल तर ‘हरकतीसह स्वीकारले’ असं लिहूनच रक्कम घ्या. छापील ‘फुल अँड फायनल’ व्हाऊचरवर कोरी सही करू नका. कापलेल्या रकमेसाठी दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षं, ग्राहक आयोगाकडे दोन. धंद्याचा विमा आहे म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद असतं असं नाही. हरसोलिया मोटर्स प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं आहे.

राहिला २०२०-२१ चा परतावा. ती पॉलिसी ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. कोरोनाचा काळ वगळूनही तुमची तीन वर्षं फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस भरली. मात्र त्याआधी कंपनीनं कुठं लेखी म्हटलं असेल की ‘परताव्याचा हिशेब चालू आहे’, ‘जुन्या फरकात वळता करू’, तर ती कंपनीची कबुली आणि त्या तारखेपासून तुमचीही नवी तीन वर्षं. त्या वर्षाच्या फाइलमध्ये शाखेची पत्रं असतील, ई-मेल असतील. वकिलाकडे जाताना ती फाइलही सोबत न्या.